सरकारी विद्यापीठांची ग्रंथालयं आणि पैशांची दरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून मी बरीच वर्षं काढली. देवघेवीच्या खिडकीवर, ग्रंथालय समितीच्या बैठकीत आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. विचारणारे कधी विद्यार्थी असतात, कधी पीएच.डी. करणारे प्राध्यापक, कधी अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, नव्याने निवडून आलेले सदस्य. उत्तरं एकदाची लिहून ठेवावीत म्हणून हे पान. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण मला ओळखीची कपाटं इथलीच.

आता सगळं ऑनलाइन मिळतं. मग ग्रंथालयाला पैसे लागतातच कशाला?

हा प्रश्न मला एका वित्त अधिकाऱ्यानेही विचारला होता, तेही अंदाजपत्रकाच्या बैठकीत. तेव्हापासून मी त्याचं उत्तर पाठ करून ठेवलं आहे.

छापील पुस्तक एकदा विकत घेतलं, दाखल नोंदवहीत चढवलं, की ते आपलं. पुढची वीस वर्षं एक रुपया मिळाला नाही तरी ते कपाटातून उठून जात नाही. ऑनलाइन नियतकालिकांचं तसं नसतं. तिथे आपण भाडेकरू. वर्षाचं भाडं भरलं तर दार उघडं, थकलं तर कुलूप, आणि काही करारांत तर आधी पैसे भरलेल्या वर्षांचे अंकही दिसेनासे होतात. गरीब ग्रंथालयाला पूर्वी एखादं वर्ष कोरडं गेलं तर त्या वर्षाचे अंक नसत, एवढंच. आता एखादं वर्ष कोरडं गेलं तर सगळंच जातं.

त्यात भाडं डॉलरमध्ये किंवा पौंडात. १९९० च्या सुमारास डॉलर सतरा-अठरा रुपयांना होता, २०२५ च्या सुरुवातीला तो पंचाऐंशीच्या वर गेला. प्रकाशकाने दर अजिबात वाढवला नाही असं धरलं तरी आपलं बिल जवळजवळ पाचपट होतं. आणि प्रकाशक दर वाढवत नाहीत असं कधी झालेलं नाही. संशोधन नियतकालिकांच्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा नफा पस्तीस टक्क्यांच्या वर राहिला आहे. लेख लिहिणारा प्राध्यापक मानधन घेत नाही, तपासणारा दुसरा प्राध्यापकही घेत नाही, आणि दोघांच्या विद्यापीठांनी तोच लेख विकत घ्यायचा. असा धंदा किराणा दुकानदाराला सांगून पाहा, तो हसेल.

सरकारी विद्यापीठ म्हणजे खर्च सरकारच करतं ना? मग सगळ्यांना सारखे पैसे का मिळत नाहीत?

'सरकारी' हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो. आयआयटी मुंबई, पुण्याचं आयसर, नागपूरचं व्हीएनआयटी, वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय यांचे पैसे केंद्राकडून येतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सोलापूर, गडचिरोली ही राज्याची विद्यापीठं. देशातले बहुसंख्य विद्यार्थी कुठे शिकतात? नीती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार ८१ टक्क्यांहून जास्त विद्यार्थी राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली आहेत. पैशांचं वाटप मात्र डोकी मोजून होत नाही.

आता राज्यातल्या राज्यात पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. राज्य सरकार विद्यापीठाला मुख्यतः मंजूर पदांचे पगार देतं. बाकीचा संसार विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून चालवायचा. हा स्वनिधी प्रामुख्याने परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, पात्रता शुल्क, ठेवींवरचं व्याज यांतून जमतो. म्हणजे ज्या विद्यापीठाला जास्त महाविद्यालयं जोडलेली, जास्त मुलं परीक्षेला बसणारी, त्याची पेटी जड.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन भरलेले जिल्हे. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं काढलं, त्याच्या वाट्याला चंद्रपूर आणि गडचिरोली. जंगल, लांबच लांब अंतरं, तुलनेने कमी महाविद्यालयं. आणि तिथे दूर राहणाऱ्या मुलामुलींना ग्रंथालयाची गरज जास्त, कमी नाही. पण गरजेचा आकडा कुठल्याच रकान्यात भरायचा नसतो.

वयाचाही हिशोब आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये दोन लाख रुपये दिले आणि पुढे राजाबाई टॉवरसाठी आणखी दोन लाख. पुण्याचं जयकर ग्रंथालय १९५० चं. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. या ग्रंथालयांनी रुपया मजबूत असताना, पुस्तकं स्वस्त असताना साठा केला. २०११ मध्ये जन्मलेल्या विद्यापीठाला तो साठा आज कुठल्याही अनुदानातून उभा करता येणार नाही, कारण त्यातली निम्मी पुस्तकं आता छापलीच जात नाहीत.

पूर्वी यूजीसी पुस्तकांसाठी पैसे देत असे. ते बंद झालं का?

पंचवार्षिक योजनांच्या काळात यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, विकास अनुदानात पुस्तकं आणि नियतकालिकं असं वेगळं लेखाशीर्ष असे. यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) कलमांखालच्या यादीत नाव असलेल्या महाविद्यालयालाही त्यातून काही मिळे. रक्कम मोठी नसे, आणि ती नेमकी फेब्रुवारीत यायची, म्हणजे मार्च एंडच्या आत कोटेशन, खरेदी, बिलं, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळी धावपळ. त्या घाईत घेतलेली काही पुस्तकं अजून कुणी उघडलेली नाहीत, हेही कबूल करतो. पण पैसा ग्रंथालयाच्या नावाने येई, तो प्राचार्यांना रंगकामाकडे वळवता येत नसे.

बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली, पंचवार्षिक योजनाच गेल्या, आणि हा झराही आटला. त्याआधी २०१३ मध्ये उच्च शिक्षणासाठीची केंद्राची 'रूसा' योजना आली होती, २०२३ पासून तिची जागा 'पीएम-उषा'ने घेतली. या योजनांत पैसा आहे, पण तो स्पर्धेतून मिळतो. प्रस्ताव लिहायला माणसं हवीत, संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन हवं, राज्याने आपला हिस्सा वेळेवर घालायला हवा. नॅकच्या निकषांत ग्रंथालयावरचा वार्षिक खर्च विचारला जातो. खर्च करायला पैसा नाही म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून अनुदान नाही, अनुदान नाही म्हणून खर्च नाही. गावाकडे याला विहीर कोरडी म्हणून मोट नाही आणि मोट नाही म्हणून गाळ निघत नाही, असं म्हणता येईल.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे हा प्रश्न मिटला नाही का?

अर्धा मिटला, आणि तो अर्धा छोटा नाही. आधी चांगलं ते सांगतो.

सरकारी संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्राने एकत्र भरायची, अशी ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त संस्था, जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास पडतात. एका विद्यापीठाने एकट्याने प्रकाशकाशी घासाघीस केली असती तर या भावात हे कधीच मिळालं नसतं.

आधीची परिस्थिती आठवा. आयआयटी, एनआयटीसाठी २००३ पासून 'इन्डेस्ट' नावाचा वेगळा गट होता, विद्यापीठांसाठी २००४ पासून यूजीसी-इन्फोनेट, महाविद्यालयांसाठी २०१० पासून एन-लिस्ट. २०१५ च्या अखेरीस तिन्ही मिळून ई-शोधसिंधू झालं, तरी सगळ्यांना सारखी यादी मिळत नसे. विद्यापीठागणिक दारं वेगळी. त्या काळात माझ्याकडे एखादी संशोधक मुलगी लेखाचा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, मी तो एका केंद्रीय संस्थेतल्या मित्राला पाठवायचो, आणि रात्री जेवणं झाल्यावर तो पीडीएफ धाडायचा. महाराष्ट्रातलं किती संशोधन अशा ओळखीपाळखीवर उभं आहे, याची गणती कुणी केलेली नाही. ज्याला मित्र नव्हता, तो सारांश वाचून संदर्भ द्यायचा. निदान राज्य विद्यापीठाच्या आवारात तरी आता गडचिरोलीतल्या संशोधकाला पवईतल्या संशोधकासारखंच दार उघडतं. हे काम इन्फ्लिबनेट ही यूजीसीची, ग्रंथालयं जोडणारी संस्था पाहते. ही संस्था आज गांधीनगरला असली तरी तिची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, एक प्रकल्प म्हणून झाली होती, हे पुणेकरांनाही सहसा ठाऊक नसतं.

आता उरलेला अर्धा. ही योजना नियतकालिकांसाठी आहे. बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला लागणारं पाठ्यपुस्तक त्यात नाही. संगणक त्यात नाही, वीज नाही, वायफाय नाही, ग्रंथपाल नाही. शिवाय एवढे पैसे दिल्लीतून भरले गेल्यावर काही विद्यापीठांत लगेच हिशोब सुरू होतो: आता नियतकालिकं फुकट, मग ग्रंथालयाची तरतूद थोडी कमी करू. माझी सगळ्यात मोठी भीती हीच आहे. श्रीमंत ग्रंथालयाच्या खिशातला नियतकालिकांचा खर्च वाचला, तो त्याने ई-बुक्स, डेटाबेस, साहित्यचोरी तपासायचं सॉफ्टवेअर यांकडे वळवला. गरीब ग्रंथालय तो खर्च मुळात करतच नव्हतं, त्यामुळे त्याचं वाचलं काहीच नाही.

आमचं महाविद्यालय अनुदानित आहे. आम्हाला ही योजना लागू आहे का?

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो. मंजुरीच्या निर्णयात शब्द आहेत, केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था. आपल्याकडे सरकारने स्वतः चालवलेली महाविद्यालयं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नसली तरी थोडीच. बहुतेक महाविद्यालयं शिक्षण संस्थांनी काढलेली, म्हणजे पगार सरकारचा, व्यवस्थापन संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांपासूनची ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो, आणि तीच परंपरा इथे आडवी येते. पहिल्या टप्प्यात 'व्यवस्थापन' या एका शब्दावर तालुक्याची महाविद्यालयं बाहेर राहिली.

त्यांच्यासाठी एन-लिस्ट आहे. अनुदानित महाविद्यालयाला वर्षाची वर्गणी ५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. विनाअनुदानितला तीच ३०,००० अधिक जीएसटी. सहा हजारांच्या वर नियतकालिकं आणि लाखोंनी ई-बुक्स मिळतात, त्यामुळे स्वस्तच. तरी ५,९०० रुपयांसाठीही फाइल तीन महिने फिरते, हे मी पाहिलेलं आहे. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, आणि प्राचार्यांच्या मते त्याआधी वीजबिल भरायचं असतं. तुमच्या महाविद्यालयाचं यंदाचं नूतनीकरण झालं आहे का, एवढं आज ग्रंथपालांना विचारून या.

लॉगिन दिलं, पण घरून काही उघडत नाही. काय करायचं?

आवारातल्या इंटरनेटवर प्रकाशक संस्थेचा आयपी पत्ता ओळखतो म्हणून दार आपोआप उघडतं. घरून उघडायचं तर संस्था इन्फ्लिबनेटच्या 'इनफेड' या व्यवस्थेची सदस्य हवी आणि तिने तुमचं नाव त्यात चढवलेलं हवं. ही चढवाचढवी हाताने करावी लागते, दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांसाठी. ती करणारा माणूस ग्रंथालयात नसला तर तेरा हजार नियतकालिकं आवाराच्या भिंतीत अडकून पडतात. वसतिगृहात किंवा गावी राहणाऱ्या मुलांसाठी ती नसल्यातच जमा.

म्हणजे शेवटी अडतं कुठे, पैशावर की माणसांवर?

माणसांवर. पैसा नियतकालिकांना मिळाला, माणसांना नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ आला आणि विद्यापीठ ग्रंथालयांना 'ज्ञानस्रोत केंद्र' असं भारदस्त नाव मिळालं. पाट्या बदलल्या. आतली पदं मात्र निवृत्तीनंतर रिकामी राहत गेली. ग्रंथपालाचं पद रिक्त, म्हणून प्रभारी ग्रंथपाल. तो इतिहास किंवा वाणिज्य शिकवणारा, तास संपवून येऊन सह्या करणारा. सहायक कंत्राटी, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. नवीन प्रणाली शिकवून तयार केलेली मुलगी पुढच्या जूनमध्ये असेलच याची खात्री नाही.

डिजिटल गोष्टींना कमी माणसं लागतात, हा समज छापील काळात ग्रंथालयातल्या माणसांना फक्त कपाटं पुसताना पाहिलेल्या लोकांचा आहे. कोहा किंवा सोल यांसारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत नोंदी करणं, पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या देशभरच्या ऑनलाइन संग्रहावर चढवणं, पासवर्ड वाटणं, बंद पडलेलं दार उघडून घेण्यासाठी ईमेल करणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एम.ए.च्या मुलाशेजारी बसून शोधायचं कसं ते दाखवणं, याला कपाट पुसण्यापेक्षा जास्त शिकलेलं माणूस लागतं. कोहा फुकट मिळतं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या या प्रणालीच्या नावाचा माओरी भाषेतला अर्थच भेट असा आहे. पण भेट म्हणून मिळालेली गायसुद्धा कुणीतरी धुवावी लागते.

मोठ्या विद्यापीठात हे काम स्वनिधीतून चार माणसं नेमून होतं. छोट्या विद्यापीठात ते होत नाही. मग वापराचे आकडे कमी येतात. वापर कमी म्हणून पुढे कुणी म्हणणार, यांना हे लागतच नाही.

आमच्या ग्रंथालयात सगळे स्पर्धा परीक्षेवालेच बसलेले असतात. मग एवढी नियतकालिकं कुणासाठी?

त्यांना हाकलून द्यायचा सल्ला मी देणार नाही. घरी दोन खोल्यांत सहा माणसं असतात, तिथे कुठे वाचणार? पण समित्यांत 'ग्रंथालय भरलेलं आहे' हे वाक्य यांच्या जोरावर बोललं जातं आणि खरेदी शून्य असली तरी सगळं उत्तम चाललंय असं वाटतं, हे खरं. अभ्यासिकेचा आणि ग्रंथालयाचा हिशोब वेगळा ठेवा, एवढंच.

मराठीत संशोधन करणाऱ्यांना या सगळ्याचा काय उपयोग?

थोडा. तीस प्रकाशक आंतरराष्ट्रीय आहेत. वाईचं 'नवभारत' किंवा मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' त्यात शोधू नका. मराठी, इतिहास, लोकसाहित्य यांच्या अभ्यासकाला लागतात ते जुने अंक, दिवाळी अंक, जिल्हा गॅझेटियर, वर्तमानपत्रांच्या फायली. हे सगळं अजून बऱ्याच अंशी कागदावर आहे आणि ज्या ग्रंथालयात आहे तिथे जाऊनच पाहावं लागतं. एस.टी.चं भाडं, पुण्यात राहायचा खर्च, ओळखपत्र, मार्गदर्शकाचं पत्र. नांदेडच्या मुलाचा हा खर्च कुठल्याही योजनेत बसत नाही.

मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत, तो मोठा आधार. विद्यापीठांकडच्या दुर्मीळ संग्रहांचं मात्र ज्याच्याकडे स्कॅनर आणि माणूस आहे, त्याचंच डिजिटायझेशन होतं. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात दामोदर धर्मानंद कोसंबी आणि पांडुरंग पिसुर्लेकर यांचे वैयक्तिक संग्रह आहेत. असे संग्रह नीट जपायला वेगळा, कायमचा पैसा लागतो, आणि तो दरडोई हिशोबात कधीच बसत नाही, कारण ते वाचायला वर्षाकाठी मोजकीच माणसं येतात.

साय-हब वापरलं तर?

साय-हब म्हणजे विकतचे संशोधन लेख विनापरवाना फुकट देणारं संकेतस्थळ. ते कायद्याने चालत नाही. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करायचा आदेश झाला. ग्रंथपाल म्हणून मी त्याचा पत्ता कुणाला दिला नाही. पण लोक तिथे का गेले हे मला माहीत होतं. आमच्या खिडकीवर 'उपलब्ध नाही' लिहिलेलं असायचं.

कायदेशीर वाटा आहेत. 'अनपेवॉल' नावाचा छोटा विस्तार ब्राउझरमध्ये टाकला तर लेखाची मोफत आवृत्ती कुठे असल्यास तो दाखवतो. भौतिकशास्त्र आणि गणितासाठी आर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ, वैद्यकासाठी पबमेड सेंट्रल. आणि लेखकालाच ईमेल करा. दहातले निम्मे तरी आनंदाने पाठवतात, त्यांनाही कुणीतरी वाचलेलं हवंच असतं.

पुस्तकाच्या झेरॉक्स काढणं बेकायदा आहे का?

शिकण्या-शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या भागाच्या झेरॉक्सला कायद्यात जागा आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये खटला भरला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन तो फेटाळला, पुढे प्रकाशकांनी माघार घेतली. अख्खी कादंबरी बाइंडिंग करून विकायची मुभा यातून मिळत नाही. आणि ई-बुकच्या बाबतीत हा दिलासा फारसा कामाचा नाही, कारण तिथे किती पानं छापायची ते प्रकाशकाचं यंत्रच ठरवतं.

ओपन अ‍ॅक्सेस आल्यावर हे आपोआप सुटणार ना?

म्हणजे लेख वाचायला सगळ्यांना मोफत. त्यात वाचणाऱ्याचं सुटतं, लिहिणाऱ्याचं अडतं. बऱ्याच ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकांत छापण्यासाठी लेखकाकडून शुल्क घेतात. 'नेचर'ने २०२१ पासून ते ९,५०० युरो ठेवलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकाने ते कुठून आणायचं? वन नेशन योजनेत निवडक नियतकालिकांच्या अशा शुल्कासाठी वर्षाला १५० कोटी रुपये आहेत. देशभरातल्या संशोधकांत ते कसे वाटले जातात, त्यावर बरंच अवलंबून. प्रकल्प आणि नाव असलेल्या संस्था आधी हात पुढे करतील, हा अनुभव जुना आहे.

ही दरी फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. हार्वर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या अध्यापकांना कळवलं होतं की नियतकालिकांचं वर्षाचं पावणेचार कोटी नव्हे, पावणेचार दशलक्ष डॉलरचं बिल आता झेपत नाही. (हा आकडा भाषणात कोटीत सांगितलेला मी दोनदा ऐकला, म्हणून खुलासा.) कॅलिफोर्निया विद्यापीठ तर सार्वजनिक. त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हिअरशी करार सोडला, दोन वर्षं त्याशिवाय काढली आणि मार्च २०२१ मध्ये स्वतःच्या अटींवर परत केला. त्यांच्या दहा संकुलांनी एकत्र बसून नकार दिला म्हणून ते जमलं. एकटंदुकटं छोटं विद्यापीठ नकार देतं तेव्हा प्रकाशकाला कळतही नाही.

माझं विद्यापीठ ग्रंथालयावर किती खर्च करतं, हे मला कसं कळेल?

हे काम कठीण नाही, फक्त चिकाटीचं आहे. विद्यापीठाचं वार्षिक अंदाजपत्रक मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे येतं आणि बहुतेकदा संकेतस्थळावरही असतं. त्यात ज्ञानस्रोत केंद्राचं लेखाशीर्ष शोधा. तीन रकाने दिसतील: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात तिसरा रकाना छापून येतो. तुम्ही पहिला वाचा. तरतूद पन्नासची आणि प्रत्यक्ष खर्च अकराचा, असा प्रकार सर्रास आढळतो.

मग पगार, इमारत, फर्निचर आणि वाचनसाहित्य वेगळं करा. नव्या काचेच्या दर्शनी भागाचा खर्चही 'ग्रंथालय विकास' म्हणून दाखवला जातो. पुस्तकं आणि ई-साहित्य यांचा निव्वळ आकडा घ्या आणि विद्यार्थिसंख्येने भागा. एकदा फक्त आवारातल्या विद्यार्थ्यांनी भागा आणि एकदा संलग्न महाविद्यालयांतल्या सगळ्यांनी. दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल. परीक्षा शुल्क दुसऱ्या गटाने भरलेलं असतं, कपाटं पहिल्या गटासाठी उघडी असतात. तालुक्याच्या मुलाच्या शुल्कातून विद्यापीठाच्या आवारातलं ग्रंथालय चालतं आणि त्या मुलाला तिथे सभासदत्व मागायला गेलं तर वेगळी अनामत भरावी लागते, ही गोष्ट अधिसभेत कुणी फारशी काढत नाही.

मोजायला माप हवं असेल तर कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दिलेलं घ्या: प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २५ रुपये आणि प्रत्येक शिक्षकामागे ३०० रुपये, तेही त्या काळच्या किमतीत. तुमच्या भागाकाराचं उत्तर या जुन्या आकड्याशेजारी लिहून पाहा. महागाई मोजायची गरजही कधी कधी पडत नाही.

माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. प्रश्न थोडक्यात ठेवा: गेल्या पाच वर्षांत पुस्तकं, छापील नियतकालिकं आणि ई-साहित्य यांवर झालेला प्रत्यक्ष खर्च, वर्षनिहाय, ग्रंथालयातली मंजूर पदं, भरलेली पदं. 'ग्रंथालयाची दुरवस्था का आहे?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येईल आणि ते नियमाला धरूनच असेल.

२०२७ नंतर काय?

मंजुरी तीन वर्षांची आहे. पुढच्या वाटाघाटीला आपण बसू तेव्हा संशोधकांना या नियतकालिकांची सवय लागलेली असेल, आणि समोरच्याला ते चांगलं माहीत असेल.

मी परदेशात असतो. माझ्या जुन्या विद्यापीठाला पुस्तकं पाठवू का?

भावना समजते, पण थांबा. दहा वर्षांपूर्वीची सी-प्लस-प्लसची पुस्तकं आणि परीक्षांची गाइडं भरलेली खोकी आम्हाला दर वर्षी येतात. ती दाखल करायला माणूस लागतो, ठेवायला कपाट लागतं, आणि काढून टाकायला समितीचा ठराव लागतो. आधी ग्रंथपालांना ईमेल करून काय हवं ते विचारा. बहुधा उत्तर येईल ते फारसं रम्य नसेल: दोन वर्षांसाठी एका सहायकाचं मानधन, एक स्कॅनर, वाचनकक्षासाठी इन्व्हर्टरची बॅटरी, किंवा एन-लिस्टची पाच वर्षांची वर्गणी, म्हणजे एकोणतीस हजार पाचशे रुपये. त्यावर तुमच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लावता येणार नाही. पुस्तकंच द्यायची असतील तर खोकी बांधण्याआधी यादी पाठवा, आणि यादीत प्रकाशनाचं वर्ष लिहा.